गुळवेलीनं प्रतिकारशक्ती वाढते का? आधी सांगा, कोणती गुळवेल, कशात काढलेली, आणि कुणासाठी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आई ५८ वर्षांच्या, सांगलीला राहतात. हाशिमोटोचा थायरॉइड आहे, त्यासाठी थायरॉक्सिनची गोळी चालू आहे. २०२० पासून सकाळी गुळवेलीच्या दोन गोळ्या, संध्याकाळी बाटलीतला गुळवेलीचा रस, थंडीत वरून काढा. गेल्या महिन्यात नेहमीच्या तपासणीत एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढतं ते, ११२ आलं. तुम्ही विचारलंय तीन गोष्टी: वनस्पतींच्या अर्कानं प्रतिकारशक्ती खरंच वाढते का, बाजारातला कोणता अर्क चांगला, आणि आईनं हे चालू ठेवावं का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. बाकीचं वाचायला आठवडा लागला तरी चालेल, हे मात्र आज व्हायला हवं. गोळ्या, रस, काढा, सगळं बंद. थायरॉइडची गोळी चालूच. पोटविकाराच्या किंवा यकृताच्या डॉक्टरांकडे जाऊन एसजीपीटी, एसजीओटी, बिलिरुबिन, पीटी-आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ), कावीळ करणाऱ्या विषाणूंच्या तपासण्या आणि शरीर स्वतःवरच उलटलंय का हे बघणाऱ्या एएनए, आयजीजी करून घ्या. डोळे पिवळे दिसले, लघवी कोऱ्या चहासारखी झाली, अंगाला खाज सुटली, फोडणीचा वासही नकोसा झाला, तर तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.

मी आयुर्वेदाचीच आहे. द्रव्यगुणात, म्हणजे औषधी द्रव्यांच्या शास्त्रात, एमडी केलं, मग अकरा वर्षं एका अर्क बनवणाऱ्या कारखान्याच्या तपासणी विभागात काढली, आणि आता सातारा जिल्ह्यात दवाखाना चालवते. दवाखान्याच्या कुंपणावर गुळवेल आहे आणि तापातून उठलेल्या माणसाला मी ती आजही देते. हे सांगते अशासाठी, की आईंना हे वाचून दाखवाल तेव्हा ‘हे अ‍ॅलोपॅथीवाल्यांचं म्हणणं’ म्हणून त्या बाजूला सारणार नाहीत.

आधी शब्द. आमच्या शास्त्रात अर्क म्हणजे यंत्रातून वाफ करून, थंड करून घेतलेलं पाणी, ओव्याचा अर्क असतो तसं. बाजारात मात्र एक्स्ट्रॅक्ट म्हणजे अर्क असं सरसकट झालंय. असू दे. पण ‘गुळवेल’ या एका नावाखाली दुकानात ज्या वस्तू मिळतात त्यांचं एकमेकींशी नातं जेमतेम चुलत आहे.

गुळवेल सत्त्व घ्या. ओल्या काड्या सोलायच्या, कुटायच्या, पाण्यात रात्रभर भिजवायच्या, हातानं चांगल्या कुस्करून फडक्यानं गाळायच्या. गाळलेलं पाणी परातीत न हलवता ठेवायचं. काही तासांनी वरचं पाणी निथळून ओतून द्यायचं आणि तळाशी बसलेला पांढरा साका उन्हात वाळवायचा. बोटांत चोळला तर कॉर्नफ्लोअरसारखा करकरतो, आणि तो आहेही जवळजवळ तेच, म्हणजे स्टार्च. पाण्यात विरघळणारं जे जे होतं ते मोरीत गेलं. सत्त्वाचे म्हणून उपयोग आहेत, पित्ताच्या जळजळीत मी ते वापरते. पण ‘सत्त्व म्हणजे गुळवेलीतला सगळा दम’ असं जे समजतात त्यांनी ती परात एकदा बघावी.

दुसरी वस्तू घन, म्हणजे काढा आटवत आटवत घट्ट केलेला. संशमनी वटी म्हणतात ती याची. तिसरी, वाळलेल्या काडीचं नुसतं चूर्ण. चौथी, कॅप्सूलमधला कोरडा अर्क, बहुतेक वेळा पाणी आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात काढलेला. पाचवी, बाटलीतला रस, टिकवण्यासाठी प्रिझर्व्हेटिव्ह घातलेला. आयुर्वेदातला जुना ग्रंथकार शार्ङ्गधर सांगतो की गुळवेल, कुडा, अडुळसा, शतावरी ही नेहमी ओलीच वापरावीत. आज कारखान्यात येणारा बहुतेक माल वाळलेला असतो. म्हणजे शास्त्राचा आधार ओल्या वेलीचा आणि विक्री वाळक्या काडीची, हा घोळ सुरुवातीलाच आहे.

आता गुळवेलीत प्रतिकारयंत्रणेशी बोलणारं नेमकं काय आहे? तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या मंडळींनी १९९९ मध्ये काडीतून एक अरॅबिनोगॅलॅक्टन वेगळं केलं. नाव लांबलचक असलं तरी ती साखरेच्या रेणूंची एक फांद्या फुटलेली लांब साखळी आहे. त्याला त्यांनी जी१-४ए असं नाव दिलं. २००९ मध्ये त्यांनीच दाखवलं की ही साखळी मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) आणि बी पेशी (प्रतिपिंडं बनवणाऱ्या) यांच्यावरच्या टीएलआर-४ नावाच्या कडीला हात घालते. ही कडी मुळात जंतू ओळखण्यासाठी असते. कडी वाजली की पेशीला वाटतं कुणी घुसलंय, आणि ती सायटोकाइन, म्हणजे इतर पेशींना निरोप देणारी द्रव्यं, सोडायला लागते. कुठल्याही ‘इम्युनिटी बूस्टर’ जाहिरातीच्या मागे खणत गेलात तर बहुधा या किंवा अशाच एखाद्या कडीपाशी पोचाल.

ही साखळी पाण्यात विरघळते, अल्कोहोलमध्ये नाही. प्रयोगशाळेत नव्या मुलांना मी हे डोळ्यांनी दाखवायची. आटवलेला, काकवीसारखा काढा बीकरमध्ये घ्यायचा आणि बाजूनं थंड अल्कोहोल ओतायचं. क्षणात पांढरट भुरे धागे तयार होतात, दूध नासल्यासारखे, आणि हळूहळू खाली बसतात. बसले ते पॉलिसॅकराइड, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या. वर राहिलेल्या पिवळसर पाण्याला जीभ लावली तर कडूजहर, कारण कडू द्रव्यं वर राहिली. म्हणजे अल्कोहोल जास्त वापरून काढलेल्या अर्कात कडूपणा भरपूर आणि ही साखळी नावाला, पाण्यात काढलेल्यात साखळी भरपूर.

आता आईंच्या गोळ्यांच्या डबीवर काय लिहिलंय ते बघा. बहुतेक डब्यांवर ‘बिटर्स’ अमुक टक्के असं असतं. कडू द्रव्यं मोजणं सोपं आहे म्हणून ती मोजतात. जाहिरात प्रतिकारशक्तीची आणि माप कडूपणाचं. काही शहाणे उत्पादक ‘पॉलिसॅकराइड अमुक टक्के’ असं छापतात, तर तिथं दुसरी गंमत आहे. वनस्पतीचा अर्क वाळवताना चिकट होतो, यंत्राच्या भिंतीला धरून बसतो, म्हणून त्यात माल्टोडेक्स्ट्रिन मिसळतात. मक्याच्या स्टार्चपासून केलेली ती फिकी पावडर. त्यात बेकायदेशीर काही नाही. पण पॉलिसॅकराइड मोजायची जी सोपी पद्धत, फिनॉल आणि सल्फ्युरिक आम्लाची, ती कुठल्याही साखरेला नारिंगी रंग देते. गुळवेलीच्या साखळीलाही आणि मक्याच्या पावडरलाही. नमुन्यात माल्टोडेक्स्ट्रिन जितकं जास्त तितका ‘पॉलिसॅकराइड’चा आकडा झकास. माझ्या टेबलावर असे नमुने आले आहेत ज्यांचा आकडा बघून साहेब खूश आणि मी हैराण. ‘१०:१’ हे प्रमाणही असंच. दहा किलो काडीतून एक किलो अर्क निघाला एवढंच ते सांगतं. कशात काढला, किती वेळ उकळला, वर काय मिसळलं, याबद्दल अवाक्षर नाही. तेव्हा ‘कोणता अर्क चांगला’ याचं उत्तर लेबल वाचून देता येत नाही, मलाही येत नाही.

समजा उत्तम अर्क मिळाला. काचेच्या बशीतल्या पेशींवर तो टाकला आणि पेशी खवळल्या. याचा अर्थ तो खाल्ला की आपली प्रतिकारशक्ती वाढेल? इथं मी नेहमी राजम्याची गोष्ट सांगते.

लाल राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. १९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नॉवेल यांच्या लक्षात आलं की रक्तातल्या लिम्फोसाइट पेशींना हे प्रथिन लागलं की त्या विभाजित व्हायला लागतात. तोवर या पेशी म्हणजे आयुष्य संपत आलेल्या पेशी असा समज होता. आजही गुणसूत्रांची तपासणी करताना, वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यांची कॅरिओटाइप करतात ती, रक्त तीनेक दिवस याच राजम्याच्या प्रथिनाबरोबर वाढवतात. बशीत टी पेशींना, म्हणजे लिम्फोसाइटांतल्याच एका प्रकाराला, याच्याइतकं जोरात ढकलणाऱ्या वस्तू कमीच. मग राजमा-चावल हा इम्युनिटी बूस्टर म्हणायचा का? शिजवला की प्रथिन मोडतं आणि उरतं जेवण. कच्चट राहिला तर त्याच प्रथिनानं उलट्या-जुलाब होतात, प्रतिकारशक्ती वगैरे काही वाढत नाही.

कोकणातल्या वाचकांसाठी आणखी एक. फणसाच्या आठळीत जॅकॅलिन नावाचं प्रथिन आहे. आपल्या लाळेत, आतड्यात असणारं आयजीए हे प्रतिपिंड ते असं घट्ट पकडतं की प्रयोगशाळांत आयजीए वेगळं काढायला ते वापरतात. बशीत तेही टी पेशींना जागं करतं. माझी आजी पावसाळाभर चुलीच्या राखेत आठळ्या भाजायची, आम्ही मूठमूठ खायचो. सर्दी दर श्रावणात व्हायचीच.

बशी आणि पोट यांच्यात जठर आहे, आतड्याची भिंत आहे, यकृत आहे. गुळवेलीची ती लांब साखळी अख्खी रक्तात उतरत नाही. बराचसा भाग मोठ्या आतड्यातल्या जंतूंच्या पंगतीत जातो. आता, आतड्याच्या भिंतीलगत प्रतिकारपेशींची मोठी वस्ती आहे, आणि तिथले जंतू खूश झाले तर त्या वस्तीवर परिणाम होऊ शकतो, हे खरं. म्हणून ‘पोटातून काहीच होत नाही’ असं मी म्हणत नाही. पण बशीतला परिणाम आणि पोटातला परिणाम यांत जो रस्ता आहे तो जाहिरातीत गाळलेला असतो.

बशीच्या प्रयोगांत आणखी एक फसगत आहे. वेलीवर, काडीच्या सालीखाली, वाळवणाच्या ताडपत्रीवर जंतू असतातच. त्यांच्या भिंतीतलं एंडोटॉक्सिन नावाचं विषारी द्रव्य उकळून जात नाही, आणि त्याचे अब्जांशातले अंशही मॅक्रोफेज चवताळायला पुरतात. तेही याच टीएलआर-४ च्या कडीवरून! म्हणजे अर्क टाकला, पेशी खवळल्या, निबंध छापला, आणि खवळवणारा होता सालीवरचा जंतू. २००८ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ काही वनस्पतींचे अर्क तपासून हेच दाखवलं, बशीतला बहुतेक परिणाम जंतूंच्या अवशेषांचा होता. भाभा केंद्राच्या २००९ च्या निबंधात ‘सूक्ष्मजीवांपासून न आलेला’ असा शब्द शीर्षकातच घातलाय. एखादा नवा अभ्यास कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर मी पहिल्यांदा एवढंच शोधते, एंडोटॉक्सिन तपासलं होतं का. बहुतेकदा त्याचा उल्लेखही नसतो.

मग वनस्पतीचा अर्क प्रतिकारशक्ती खरोखर वाढवतो असं उदाहरण आहे का? आहे, आणि तो अर्क असलेली लस आपल्या पुण्यात बनते. चिली देशात किलाया नावाचं झाड आहे, त्याची साल पाण्यात घुसळली की रिठ्यासारखा फेस येतो. त्या फेसातली सॅपोनिन शुद्ध करून ‘मॅट्रिक्स-एम’ नावाचं मिश्रण करतात. मलेरियाची आर२१ लस, जिची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये केली आणि जी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते, तिच्या एका डोसमध्ये मलेरियाचं प्रथिन ५ मायक्रोग्रॅम आणि हा झाडाचा अर्क ५० मायक्रोग्रॅम असतो. नुसतं प्रथिन टोचलं तर शरीर फारसं लक्ष देत नाही. सालीचा अर्क बरोबर असला की टोचलेल्या जागी पेशी गोळा होतात, प्रथिन उचलून जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात, आणि प्रतिपिंडं भरघोस तयार होतात. याला म्हणतात बूस्ट. पण त्याच्या अटी बघा. मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, टोचून, मोजक्या वेळा, आणि नेमक्या एका शत्रूची ओळख करून देताना. शिवाय हेच सॅपोनिन मोकळं सोडलं तर तांबड्या पेशी फोडतं, म्हणून ते कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिडच्या पिंजऱ्यात बांधून देतात. रोज सकाळी दोन गोळ्या, पाच वर्षं, शत्रू कोण ते माहीत नाही, असा हा कारभार नाही.

गुळवेलीवर माणसांत झालेलं काम आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे, कारण ते मुंबईत केईएम रुग्णालयात झालं. डॉ. शरदिनी डहाणूकर, ज्यांना मराठी वाचक त्यांच्या ललित लेखनामुळेही ओळखतात, डॉ. उर्मिला थत्ते, डॉ. निर्मला रेगे यांनी ते उभं केलं. १९९३ मध्ये छापलेल्या अभ्यासात पित्तनलिका अडून कावीळ झालेले ३० रुग्ण होते. अशा रुग्णांच्या न्यूट्रोफिल पेशी जंतू गिळण्यात मंदावलेल्या असतात, शस्त्रक्रिया जमली तरी पुढे जंतुसंसर्गानं माणूस जातो. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्याबरोबर गुळवेल, किलोमागे रोज १६ मिलिग्रॅम, पित्ताचा निचरा चालू असेपर्यंत. पहिल्या गटात निम्म्या रुग्णांना सेप्टिसीमिया, म्हणजे रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, झाला, दुसऱ्यात एकालाही नाही. शस्त्रक्रियेनंतर वाचलेले पहिल्यात ४० टक्के, दुसऱ्यात ९२.४ टक्के. गिळण्याची क्षमता पूर्ववत झाली ती फक्त गुळवेल घेणाऱ्यांची.

हे आकडे वाचून कुणीही म्हणेल, मग वाद कशाचा? ३० म्हणजे फार थोडे रुग्ण, एवढ्यावर सगळं बांधता येत नाही, हे एक. त्याहून महत्त्वाचं म्हणजे या लोकांच्या पेशी खाली गेलेल्या होत्या आणि त्या नेहमीच्या पातळीला आल्या. धडधाकट माणसाच्या पेशी नेहमीपेक्षा वर गेल्या, असं त्यात कुठेही नाही. आणि घेतली ती नेमक्या आजारात, देखरेखीखाली, ठरावीक दिवस. चरकाचा टीकाकार चक्रपाणी व्याधिक्षमत्वाचा, म्हणजे आमच्या शास्त्रातल्या प्रतिकारशक्तीचा, अर्थ सांगतो तो दुहेरी: झालेल्या रोगाच्या बळाला विरोध आणि रोग उपजू न देणं. चरक त्याच ठिकाणी म्हणतो की सगळी शरीरं याला सारखी समर्थ नसतात. कुणाचं शरीर, हा प्रश्न आमच्याकडे पहिल्या दिवसापासून आहे, तो डबीवर छापत नाहीत इतकंच.

‘वाढणं’ या शब्दाचीच अडचण आहे. प्रतिकारयंत्रणेत गाडी पळवणाऱ्या पेशी आहेत तशा ब्रेक दाबणाऱ्याही आहेत. कोविडमध्ये दुसऱ्या आठवड्यात जे गंभीर झाले, त्यांच्यातल्या अनेकांना विषाणूपेक्षा स्वतःच्या खवळलेल्या यंत्रणेनं जास्त घेरलं होतं. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीचा निकाल आला. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी केले ते डेक्सामेथासोननं, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधानं. तेव्हा आपण घराघरांत ती वाढवण्याचे काढे उकळत होतो. मीही उकळत होते. त्या वर्षी मी संशमनी वटी किती जणांना लिहून दिली याचा हिशेब लागणार नाही, आणि त्यातल्या किती जणांना थायरॉइड, संधिवात, सोरायसिस आहे का हे विचारलं, याचा हिशेब लागतो. फार थोड्यांना.

आयुषच्या काढ्यात, जो सगळ्यांनी पाठ केला होता, तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरी एक. गुळवेल त्यात नव्हतीच, ती लोकांनी घातली. ऑक्टोबर २०२० च्या सरकारी मार्गदर्शिकेत गुडूची घनवटी, म्हणजे गुळवेलीच्या घनाची गोळी, आली, ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. पण तिथेही मुदत होती, पंधरा दिवस किंवा महिना, अथवा वैद्य सांगतील तसं. मुदतीचा भाग कुणी फॉरवर्ड केला नाही.

त्या सुमारास माझ्याकडे एक बाई आल्या, चाळिशी ओलांडलेल्या, शिक्षिका. ‘अशक्तपणा जात नाही, काहीतरी ताकदीचं द्या.’ खिडकीजवळ नेऊन खालची पापणी ओढली तर डोळ्याचा पांढरा भाग लिंबाच्या सालीसारखा. काय घेता विचारलं तर दोन महिने दारातल्या वेलीचा ताजा रस, अर्धा पेला. विषाणूंच्या तपासण्या सगळ्या निगेटिव्ह. यकृताच्या डॉक्टरांकडे पाठवलं, बायोप्सीत ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं, म्हणजे स्वतःच्याच प्रतिकारयंत्रणेनं यकृतावर हल्ला केल्याचं, चित्र निघालं. मी स्वतःला समजावलं की योगायोग असेल. पुढे २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी असे सहा रुग्ण छापले. २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांमधून ४३ रुग्ण आले. घ्यायला सुरुवात केल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा मध्यक काळ ४६ दिवस, निम्म्याहून जास्त स्त्रिया, आणि अनेकांत ऑटोइम्यून हिपॅटायटिसचं चित्र. आयुष मंत्रालयानं पहिल्या अहवालावर आक्षेप घेतला की वनस्पती ओळखण्यात चूक झाली असावी, दुसरीच जात असेल. आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही, त्यावर पुढे बोलते. पण नंतरच्या अभ्यासात नमुने तपासले तेव्हा त्यांत गुळवेलच सापडली.

लाखो लोकांनी गुळवेल घेतली आणि बहुतेकांना काही झालं नाही, हेही तितकंच खरं. मग यांनाच का? मला पटलेलं उत्तर असं: ज्यांची यंत्रणा आधीच स्वतःच्या अवयवाकडे वाकड्या नजरेनं बघते आहे, त्यांच्यात कडी वाजवत राहणं धोक्याचं. तुमच्या आईंचा हाशिमोटो म्हणजे नेमकं तेच, स्वतःच्या थायरॉइडवर स्वतःच्याच पेशींचा हल्ला. एका अवयवाशी असं भांडण असलेल्या माणसात दुसऱ्या अवयवाशी भांडण होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. ११२ हा आकडा गुळवेलीमुळेच आहे असं मी इथून सांगू शकत नाही, फॅटी लिव्हरही असेल. पण शोध लागेपर्यंत संशयिताला घरात ठेवत नाहीत.

बाकीच्या वनस्पती भरभर सांगते. अश्वगंधा: तुम्ही लिहिलं नाहीत, पण काढा घेणाऱ्या घरात ती असतेच, कपाट बघा. ती थायरॉइडची पातळी वर नेऊ शकते, आठ आठवड्यांच्या एका छोट्या चाचणीत ते दिसलंय. थायरॉक्सिन चालू असताना ती आली की डॉक्टरांचा डोसचा अंदाज चुकतो. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी तिच्याही आहेत. ज्येष्ठमध: आठवडेच्या आठवडे घेतला तर रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. मिरी: तिच्यातलं पायपरिन दुसऱ्या औषधांचं शोषण वाढवतं. हळदीबरोबर मिरी घ्या म्हणतात ते याच कारणानं, आणि मूत्रपिंड बदललेल्या माणसानं मिरीच्या गोळ्या घेऊ नयेत त्याचंही कारण हेच. आमटीतली मिरी वेगळी, तिला घाबरू नका. मधुमेही माणसानं गोळ्यांबरोबर गुळवेल घेतली तर साखर अपेक्षेपेक्षा खाली जाऊ शकते.

वेल ओळखण्याबद्दल. खऱ्या गुळवेलीचं पान गुळगुळीत, हृदयाच्या आकाराचं. काडीची साल कागदासारखी पातळ सुटते, खाली हिरवं लागतं. आडवी कापली तर बैलगाडीच्या चाकासारखे आरे दिसतात. कापलेल्या तोंडावर आयोडीनचा थेंब टाकला तर काळंनिळं होतं, पण ते कुठल्याही स्टार्चवाल्या काडीचं होईल, तेवढ्यावर जाऊ नका. तिची एक बहीण पानाच्या मागे मखमली लव असलेली, दुसरी काडीवर चामखिळीसारखे फोड असलेली. अडचण ही की बाजारात पानं येत नाहीत, बोटभर काड्यांचे तुकडे येतात. पोत्यातल्या तुकड्यांकडे बघून जात सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय. आम्ही सूक्ष्मदर्शक आणि टीएलसी (पट्टीवर अर्कातली द्रव्यं वेगळी करून बघायची चाचणी) लावूनही कधीकधी शेजारच्या टेबलावर नमुना सरकवायचो. ‘कडुनिंबावरचीच घ्या’ हा सल्ला मी आईकडून ऐकला, मुलांना दिला. आधाराच्या झाडानं वेलीची जात बदलत नाही, एवढं लक्षात ठेवून तो पाळायला हरकत नाही.

आईंच्या अंगणात वेल असेल तर उपटू नका. घरात कुणाला ताप येऊन गेल्यावर तोंडाला चव नसेल, अशक्तपणा असेल, आणि त्या माणसाला ऑटोइम्यून आजार नसेल, यकृताचा त्रास नसेल, तर करंगळीएवढी ओली काडी ठेचून, काढा करून, आठ-दहा दिवस, एवढं वैद्याला विचारून द्यायला मी तयार असते. तेही आईंसाठी नाही.

बंद केल्यापासून दोन आठवड्यांनी आणि मग सहा आठवड्यांनी एसजीपीटी पुन्हा करा. उतरत गेलं तर ‘आता बरं झालं, अर्धी गोळी घेऊन बघते’ असं त्या म्हणतील, कारण सगळेच म्हणतात. दुसऱ्यांदा घेतल्यावर होणारी इजा पहिल्यापेक्षा लवकर आणि जास्त होऊ शकते, तेव्हा ‘वैद्यबाईंनी नाही म्हटलंय’ असं बेलाशक माझ्यावर ढकला. उतरलं नाही किंवा आयजीजी वाढलेलं आलं, तर यकृताचे डॉक्टर बायोप्सी सुचवतील, तिला नाही म्हणू नका. आणि गोळ्यांची डबी, रसाची बाटली रद्दीत घालू नका. लेबल, बॅच नंबर आणि तळाशी उरलेल्या चार गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करायची सरकारी व्यवस्था आहे. नोंद करताना पहिलं विचारतात ते बॅच नंबर, आणि तो बहुतेक वेळा डबीबरोबर कचऱ्यात गेलेला असतो.